बायजाबाईंच्या शेजारची मासोळी

उमरेडच्या एसटीत देवरावांच्या मांडीवर काचेची बरणी होती आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढी मासोळी. शेजारच्या बायजाबाईंना गप्प बसवेना.

"भाऊ, हिचे गाल काहून सुजले गा?"

"सुजले नाही, मावशी. तोंडात पिल्लं हायेत. अंडीबी तिथंच उबवली तिनं."

"मंग खाते काय?"

"काहीच नाही. नर मेला, अख्ख्या नागपुरात अशी दुसरी नाही. सारा वंश हिच्या जबड्यात हाये. घाबरून गिळला का संपलं! घरी पाहुण्यांची पोरं बरणी हालवून राहिली, म्हणून भावाकडं नेतो."

"अगं माय! ए कंडक्टर, घंटी वाजवू नको, बाळंतीण हाये!"

बस घंटीविना निघाली. तेवढ्यात मासोळीच्या तोंडातून ठिपक्यांसारखी पिल्लं बाहेर पडली.

"निघाले गा, निघाले!"

बाईंच्या आरोळीसरशी सारी पिल्लं सर्रकन तोंडात परत.

"खाल्ले? माह्या बोंबलण्यानं खाल्ले?"

"नाही, मावशी. भेले, म्हणून मायनं आत घेतले. आता चूप बसा, निघतीन."

बाईंनी तोंडात पदर कोंबला. अख्खी बस चिडीचूप. एक ठिपका बाहेर आला, दुसरा आला, मग झुंबडच! बाईंनी हर्षानं देवरावांच्या दंडाला असा चिमटा काढला, की कंडक्टरला धावत येऊन ओरडू पाहणाऱ्या देवरावांचंच तोंड दाबावं लागलं.