बाबांचा डावा हात

सप्टेंबरात स्पेनमधल्या गावाकडच्या निवांत रस्त्यांवर सायकलने फिरायचं ठरलंय ना, त्याचा सराव म्हणून मी सासऱ्यांना इथे जर्मनीत, हायडेलबर्गबाहेर शेतातल्या रस्त्यावर नेलं. चिटपाखरू नव्हतं. मी पुढे, बाबा मागे. थोड्या वेळाने मागून एक गाडी आली, पण पुढे जाईना. मग दुसरी. वळून बघते तर सहा गाड्यांची रांग! आणि हॉर्न एकाचाही नाही. इथे कोणी गप्प बसलं की मला जास्त धडकी भरते.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"मी कुठे काय! मघापासून हाताने पुढे जा, पुढे जा सांगतोय. एक जण ऐकेल तर शपथ!"

मी थांबले, तशी सगळी रांग थांबली. पहिल्या गाडीतल्या बाईंनी काच खाली केली. चेहरा दगडासारखा.

"हे गृहस्थ केव्हाचे डावीकडे वळतो म्हणताहेत," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "नक्की कधी वळणार?"

डावीकडे नुसतं मक्याचं शेत. मी घाम पुसत बाबांना सांगितलं, "अहो, इथे डावा हात बाहेर काढला की डावीकडे वळायचं असतं."

बाबांनी सहाही गाड्यांकडे एकदा पाहिलं.

"एवढे थांबलेत बिचारे," म्हणाले, आणि सायकलसकट मक्यात शिरले.