ऑक्सिजन कमी पडला तर

— नाही हो दादा, गीझर जुना नाहीये, दोनच वर्षं झालीत त्याला. बर्नर हवा तितका खोलून बघा, काही सापडायचं नाही. जरा वर बघा. ती हातभर खिडकी दिसतेय ना? परवापर्यंत तिला पुठ्ठा होता, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून. कुणी म्हणजे — बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी. थंडी वाढली, अंघोळ करताना वारा लागतो, शिंका येतात म्हणून. अँब्युलन्स यायच्या आत काढलाही त्यांनीच. आता कपाटामागे उभा आहे. तुमची पाठ वळली की पुन्हा लागेल.

मी? मी सून. दोन महिने झाले. नणंद अजून दवाखान्यातच आहे — आज सकाळी 'वहिनी' म्हणाली मला, डोकं दुखतंय म्हणाली, पण ओळखते सगळ्यांना. नळीतून येतो तो गॅस म्हणजे मिथेनच की, मी शिकवते तेच — शिकवायचे, लग्नाआधी. निळी असायची ती ज्योत पिवळी पडलेली, चार दिवस बघत होते मी. मग बोलले का नाही? बोलले होते ना एकदा, आल्या आल्या — फ्रिज भिंतीला टेकवू नका म्हणून. "आल्या मास्तरीणबाई!" म्हणाले बाबा, सगळे हसले, मीही हसले, नव्या सुनेला चांगलं हसता यावं लागतं. तेव्हापासून मूग गिळून.

परवा दुपारी नणंदेला घेऊन बसले, तिची परीक्षा आहे, समीकरणं जमत नाहीत. एका मिथेनला दोन ऑक्सिजन — एक कार्बन डायऑक्साइड, दोन पाणी. डावीकडे जितके अणू तितकेच उजवीकडे, एकही हरवायचा नाही. जमलं तिला. मग तीच विचारते, "वहिनी, ऑक्सिजन कमी पडला तर?" पोरगी हुशार हो! म्हटलं, तर दोन मिथेनना तीनच धर; पाणी होतं चार, आणि डायऑक्साइडच्या जागी दोन मोनॉक्साइड. "त्यानं काय होतं?" वास नाही, रंग नाही, म्हटलं, माणूस नुसता झोपतो. बाबा पलीकडे पेपर वाचत होते. आवाज मी — हो, मुद्दामच चढवला. सुनेनं शिकवलेलं नाही चालत, समीकरणानं शिकवलं तर चालेल, असं वाटलं. त्यांनी पान उलटलं. तिनं उत्तर बरोबर काढलं, मी बरोबरची खूण केली, आणि ती टॉवेल घेऊन इथे आली. मी — मी वही मिटून ठेवली. दोन शब्द होते हो, दादा. पुठ्ठा काढ.

काय लिहिताय अहवालात? 'यंत्रात बिघाड'? नको ना. मग नवं यंत्र येईल आणि पुठ्ठा आहेच. लिहा, खिडकी बंद केलेली होती. कुणी सांगितलं तेही लिहावं लागतं? ... लिहा. सुनेनं. सही कुठे, इथे? द्या पेन —

काही नाही बाबा! बर्नरच बघतायत. हो, झालंच त्यांचं.

निघा तुम्ही आता. आणि ते खोडू नका.