चौथ्यांदाही रिकाम्या हाती

(दाजीबानपेठेतला डॉ. हेमावतींचा दवाखाना, सकाळची वेळ. समोर मुकुल, पेठेतला कापडदुकानदार.)

मुकुल : म्हणजे आजही काही लिहून देणार नाही? अक्का, पंधरा दिवसांत चौथ्यांदा आलोय!

हेमावती : काय लिहू? ईसीजी बरा, एको बरा, रक्त बरं. मशीनवर पळवलं तुला, तेही बरं.

मुकुल : मग धडधडतं का? गिऱ्हाइकासमोर साडी उलगडतो आणि माझं बोट मनगटावर. काल एक बाई म्हणाली, घड्याळ हरवलं का हो?

हेमावती : अय्यो! बस आधी. केवढ्या येरझाऱ्या घालतोस!

मुकुल : बसवत नाही. बसलो की दत्ताअण्णाच दिसतो. दुकानात, गादीवर, बसल्या बसल्या गेला.

हेमावती : भाऊ जाऊन महिना झालाय, मुकुल. भीती बसलीय तुझ्या मनात, आणि ती खरी आहे. पण हृदय ठीक आहे. सकाळी चालत जा. कुणाशी तरी बोल. आठवड्यानं ये, मी परत तपासते.

मुकुल : चालायला डॉक्टर कशाला लागतो? एक साधी गोळी द्या. गॅसची द्या.

हेमावती : नाही.

मुकुल : का? ती तर तुम्ही फोनवरसुद्धा सांगता.

हेमावती : मुकुल...

मुकुल : अण्णाच्या खिशात त्याच गोळ्यांची पट्टी होती. एकच गोळी काढलेली. त्याचा फोनही बघितला मी. शेवटचा कॉल तुम्हाला. दोन मिनिटांचा.

हेमावती : महिनाभर तुला माहीत होतं?

मुकुल : पहिल्या दिवसापासून. चारही वेळा तेच विचारायला आलो. इथं आलो की जीभ उचलत नाही, मग छाती दाखवतो. टायफॉइडमध्ये तुम्ही रोज घरी येऊन बघत होता मला. तुम्हाला कसं विचारू?

हेमावती : आता विचार.

मुकुल : काय म्हणाला तो?

हेमावती : म्हणाला, अक्का, काल मिरचीभजी जास्त झाली, पोटाच्या वर जळतंय. समोर आठ पेशंट बसले होते. मी गोळीचं नाव सांगितलं. घाम आलाय का, एवढंही विचारलं नाही. इकडं ये म्हणाले नाही. पाच दुकानं पलीकडं तर होता.

मुकुल : आला असता तर वाचला असता?

हेमावती : कदाचित. कदाचित नाहीही. ते मला कधीच कळणार नाही.

मुकुल : गोळी घेतली म्हणून तो बिनघोर बसून राहिला.

हेमावती : हो.

मुकुल : हो काय म्हणता नुसतं? काहीतरी कारण सांगा की!

हेमावती : कारण नाही रे. चूक झाली माझी. मीच तुझ्याकडं यायला हवं होतं. रोज तुमच्या दुकानासमोरून जाते, मान वर करत नाही.

मुकुल : बघतो मी. वाटायचं, आज थांबतील. तुम्ही पुढं गेलात की छातीत सुरू व्हायचं.

हेमावती : दत्ताच्या बायकोला, कविताला माहीत आहे?

मुकुल : नाही. पट्टी मीच लपवली. वहिनी एकच म्हणत बसलीय, नाष्टा वाढताना त्याचा चेहरा मला कसा दिसला नाही, त्यानं कुणालाच काही कसं सांगितलं नाही. सगळा दोष स्वतःला देते.

हेमावती : तिला मी सांगते. दुपारी दवाखाना बंद करून येते.

मुकुल : ती ओरडेल, अक्का. शेजारी गोळा होतील. पेठेत तुमचं नाव...

हेमावती : ओरडू दे. तिचा हक्क आहे. तू मध्ये पडू नकोस.

मुकुल : दुपारी नको मग.

हेमावती : का रे?

मुकुल : आत्ताच चला. ताट वाढायच्या वेळेला ती फार रडते.