बिनफोडणीचे दिवस आणि पुढच्या खोलीची खिडकी

नातवंडांनो, मी बोलते आहे आणि वैशाली टाइप करते आहे. वैशाली म्हणजे माझ्या भावाची मुलगी, तुमची आत्या. माझे डोळे आता पडद्यावर फार वेळ टिकत नाहीत, म्हणून तिला बसवलं आहे, आणि तिला सांगून ठेवलं आहे की मी बोलेन तसंच ठेव, वाक्य लांबलं तर लांबू दे, छाटू नकोस. मैत्रू, तुला हे आई वाचून दाखवेल. तुला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत दे नाहीतर डचमध्ये दे, माझी काही हरकत नाही. सम्यक, तुला आत्ता यातलं काही कळायचं नाही, पण गोष्ट तुझीच आहे, तू ज्या खोलीत पहिल्यांदा झोपलास त्या खोलीची आहे.

आधी माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी भुसावळची. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते आणि आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. भुसावळचा उन्हाळा, काय सांगू तुम्हाला, दुपारी बाराला अशा झळा सुटायच्या की दार उघडलं तर तोंड भाजायचं. खिडक्यांना काचा नव्हत्या, लाकडी झडपा होत्या आणि त्यांना बोट जाईल एवढ्या फटी होत्या. माझी आई गोणपाट भिजवून खिडकीवर ठोकायची, दाराखाली जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायची, आणि म्हणायची, आता वारा बाहेर, तू आत, बस अभ्यासाला. त्या काळोख्या गारव्यात बसून मी इंग्रजीच्या कविता पाठ केल्या, मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, आमच्या घराण्यात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी पहिली. मग मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते, मिरवण्यासारखंच आहे ते. पण मुख्य सांगायचं ते एवढंच की वारा अडवायचं काम मला नवीन नव्हतं, फक्त आमच्याकडे तो गरम होता आणि तुमच्याकडे गार.

तर कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. तुमच्या आईला, पल्लवीला, दिवस गेले होते. तिची आई यायची होती बाळंतपणाला, रीतही तीच आहे, पण तिचे वडील आजारी, त्यांना सोडून ती कशी येणार. मग सिद्धार्थने, तुमच्या बाबाने, मला फोन केला आणि विचारलं, आई, तू येशील का. मी म्हटलं, विचारतोस काय, तिकीट काढ. लशी घेतल्या, नाकात काड्या घालून घेतल्या, दोन मास्क लावून विमानात बसले, आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर थंडीच्या तोंडाशी तुमच्या त्या डच गावी, उइटहॉर्नला येऊन उतरले.

घर बघून मी खूश झाले. पुढे एवढीशी बाग, मागे शेड, आणि पुढच्या खोलीला ही एवढी मोठी खिडकी, भिंतभर. पडदे कोणी लावत नाही तिकडे, रस्त्यावरचा माणूस आपलं जेवणाचं ताट बघू शकतो. पण घर जुनं, भाड्याचं, आणि त्या मोठ्या खिडकीला काच एकेरी. घरमालकाला सिद्धार्थने कितीदा मेल लिहिले. तो म्हणायचा, कोरोनामुळे माणसं मिळत नाहीत, पुढच्या वर्षी बघू. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना केली, बुद्धाची मूर्ती खिडकीच्या कट्ट्यावरच होती, उदबत्ती लावली, आणि बघते तर धूर वर जाईना. आडवा होऊन सरळ माझ्या तोंडावर. खिडकी तर बंद होती. मग मी उदबत्ती हातात घेऊन चौकटीच्या कडेकडेने फिरवली, शाळेत नकाशावर छडी फिरवावी तशी, आणि जिथे जिथे धूर वाकला तिथे खडूची खूण केली. मैत्रू, तू शाळेतून आलीस आणि म्हणालीस, why is our window sick? त्या पांढऱ्या चौकटीवर निळ्या खडूच्या खुणाच खुणा होत्या.

आता अडचण अशी होती की बाळंतिणीची खोली तीच ठरली होती. तिकडचे जिने तुम्हाला माहीतच आहेत, शिडीच ती, आणि पल्लवीची कंबर अशी धरलेली की तिला वर चढणं होईना. म्हणून पलंग खाली पुढच्या खोलीत आणला होता. आणि तिकडची पद्धत अशी की मूल झालं, सगळं ठीक असलं, की काही तासांत आई आणि बाळ घरी. आमच्याकडे बाई पाच दिवस दवाखान्यात राहते. पुढे आठवडाभर घरी एक बाई येते, बाळाचं आणि आईचं सगळं बघायला, ताप रोज मोजते. हे मला फार आवडलं. पण त्याआधी मिडवाइफ घर बघायला आली, उंच बाई, मास्क लावलेली, तिने खिडकीजवळ उलटा हात धरला आणि पल्लवीला सांगितलं, सोनोग्राफीत बाळ लहानखुरं दिसतंय, लहान बाळ पटकन गार पडतं. खोली अशीच राहिली तर मी त्याला घरी सोडा म्हणणार नाही, काही दिवस दवाखान्यात ठेवू.

दवाखान्यात म्हणजे कोरोनामुळे फक्त एका माणसाला आत परवानगी, ते म्हणजे बाबा. मी कुठे? मी एवढे समुद्र ओलांडून आले ते बाळंतपण करायला, आणि बाळ काचेपलीकडे, बाळाची आई एकटी, आणि माझे व्हिसाचे दिवस चालले संपत. त्या दिवशी भाजी निवडताना पल्लवीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, रडायचं नाही, खिडकीच आहे ती, काही डोंगर नाही.

सिद्धार्थ दुकानातून खिडकीला लावायची फिल्म घेऊन आला. पारदर्शक प्लास्टिक, कांद्याच्या सालीसारखं पातळ, आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. चौकटीला टेप लावायची, तिच्यावर प्लास्टिक ताणून चिकटवायचं, मग हेअर ड्रायरने गरम हवा मारायची की ते आकसतं आणि ताठ होतं. काचेत आणि प्लास्टिकमध्ये हवा अडकते, तीच पांघरुणाचं काम करते. रविवारी त्याने ओल्या फडक्याने चौकट पुसली, भराभर टेप मारली, प्लास्टिक लावलं, ड्रायर फिरवला, आणि खरंच सांगते, काच आहे की नाही ते कळेना इतकं छान दिसलं. सोमवारी सकाळी मी खाली आले तर सगळं प्लास्टिक सुटून बुद्धाच्या मूर्तीवर पांघरल्यासारखं पडलेलं.

सिद्धार्थ म्हणाला, टेप खराब आहे. दुसरी आणली. तीही सुटली. मग म्हणाला, लाकूड जुनं आहे, धरत नाही, राहू दे आई, पल्लवीला कसंतरी वर नेऊ. तेवढ्यात त्याची मीटिंग सुरू झाली, आणि तो कॅमेऱ्यासमोर हसरा चेहरा करून बसला. मला त्याचा तो चेहरा बघवेना.

मी खिडकीजवळ गेले आणि चौकटीवरून बोट फिरवलं. बोट घसरलं. मग बोट नाकाशी नेलं. काय वास यावा? मोहरी, हिंग, कढीपत्ता. चौकटीचा पांढरा रंग नीट बघितला तर पिवळट, हळदीची झाक. अरे, म्हटलं, ही तर आपली फोडणी आहे. तुमचं स्वयंपाकघर उघडं, पुढच्या खोलीतच, मध्ये भिंत नाही. रोज वरणाला फोडणी, भाजीला फोडणी, पोह्यांना फोडणी, आणि मी आल्यापासून ठेच्यालाही फोडणी. ती सगळी वाफ जाऊन बसायची कुठे, तर सगळ्यात गार जागी, म्हणजे त्या खिडकीवर. वर्षानुवर्षांचं तेल. त्याच्यावर कुठली टेप टिकणार? डच माणसाच्या घरात हे झालं नसतं, तो दुपारी ब्रेडला चीज लावून खातो.

सिद्धार्थला मीटिंगमधून उठल्यावर बोट हुंगायला लावलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, आई, म्हणजे आमच्या घरात हिवाळ्याला तूच आत घेतेस. मी म्हटलं, मी दोन आठवड्यांपूर्वी आले, हे तेल तुझ्या बायकोचं आहे. पल्लवी पलंगावरून म्हणाली, आणि खाल्लं कोणी?

मग मी काम हातात घेतलं. आधी कोरडं बेसन, फडक्यावर घेऊन चौकटीला चोळायचं, जसं आपण तेलाची बरणी आतून चोळतो तसं. बेसन तेल पितं, पिवळं गोळा होऊन खाली पडतं. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा, तो तिकडे सुपरमार्केटात सहज मिळतो, हातात रबरी मोजे. मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. वरचा भाग सिद्धार्थने केला, मला शिडीवर चढू दिलं नाही, खालचा मी केला. आणि पुन्हा पुन्हा बोट फिरवून हुंगायचं, वास आला की परत. लाकूड नीट वाळेपर्यंत थांबायचं होतं, आणि या सगळ्या दिवसांत मी जाहीर केलं की या घरात फोडणी बंद.

काय सांगू तुम्हाला, हे सगळ्यात कठीण होतं. साधं वरण, भात, लिंबू, उकडलेली भाजी. सिद्धार्थ म्हणायचा, दवाखान्यात जायला नको म्हणून दवाखान्याचं जेवण घरीच आणलंस. तू मात्र खूश होतीस मैत्रू, तुला तिखट लागत नव्हतं. पण पल्लवीला चव लागेना, नववा महिना, तिचं मन कशात तरी राहिलं पाहिजे. मग मी विजेची शेगडी मागच्या शेडमध्ये नेली, कोट घातला, कानटोपी घातली, आणि त्या थंडीत शेडच्या दारात कढईत तिच्यापुरती फोडणी केली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, घरात काही बिघडलं आहे का. मी म्हटलं, नाही, खिडकी दुरुस्त करतोय. त्यांना काय कळलं असेल कोण जाणे, मान हलवून आत गेल्या.

सिद्धार्थची शंका अशी की सरकार सांगतंय खिडक्या उघडा, हवा खेळवा, आणि आपण बंद करतोय. ते बरोबरच होतं. म्हणून मोठ्या काचेशेजारची जी लहान झडप होती ती आम्ही मोकळी ठेवली, तिला प्लास्टिक नाही. सकाळी ठरावीक वेळ ती उघडायची, खोली मोकळी करायची, मग बंद. आपल्याला वारा पाहिजे तेव्हा तो यावा, त्याला वाटेल तेव्हा नाही.

आणि मग प्लास्टिक लावलं. इथे माझी शाळा कामाला आली. वह्यांना कव्हर घालताना मुली एका टोकाकडून ओढत जायच्या आणि सुरकुती पडायची. मी त्यांना सांगायची, आधी वरची कड, मग मधून बाहेर, हलक्या हाताने. तसंच सिद्धार्थला सांगितलं. त्याने ऐकलं. ड्रायर मी धरला, खालून वर, एका जागी थांबायचं नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक सुरकुती विरत गेली. शेवटी बोटाने टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. सकाळी मी जिना उतरून आधी खिडकीशी गेले, तर ते तसंच होतं, ताठ, स्वच्छ, बाहेर धुकं आणि आत काही नाही. उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला, दोरीसारखा. मी वंदना पूर्ण केली, आणि मग सगळ्यांना उठवलं.

मिडवाइफ पुन्हा आली. तिने खिडकीजवळ तसाच उलटा हात धरला, बराच वेळ धरला, मग पल्लवीकडे बघून अंगठा वर केला.

सम्यक, तू पुन्हा लॉकडाऊन लागला त्या आठवड्यात झालास. सकाळी झालास आणि संध्याकाळी गाडीत, बाळाच्या टोपलीसारख्या खुर्चीत पडून घरी आलास, लहानखुरा, नाक लाल. मी दारात उभी होते, मास्क लावून, हात धुऊन. दुसऱ्या दिवसापासून ती आठवडाभर येणारी बाई आली, तुझा ताप मोजला, कागदावर लिहिला, तुझी पावलं हातात घेऊन बघितली, ती गरम होती. मग ती खिडकीपाशी गेली, प्लास्टिकच्या कडा नीट बघितल्या, आणि मला डचमध्ये म्हणाली, नेत्येस. मी मैत्रूकडे बघितलं. मैत्रू, तू म्हणालीस, she says you did it neatly, Aaji. मी आयुष्यभर मुलींच्या वह्यांवर नीटनेटकेपणाचे शेरे दिले, मला तो त्या दिवशी मिळाला. पल्लवीचा शेक, तिचे डिंकाचे लाडू, तुझी अंघोळ, सगळं त्या खोलीत झालं, आणि एकदाही तुला परत दवाखान्यात न्यावं लागलं नाही. व्हिसा संपायच्या आत मी निघाले तेव्हा तू अंग धरलं होतंस.

आता तुमच्या घरमालकाने अजून काच बदललेली नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणतो. त्यामुळे दरवर्षी थंडीच्या आधी मला व्हिडिओ कॉल येतो. आता बेसन मैत्रू चोळते. सिद्धार्थ टेप घेऊन उभा असतो आणि ती त्याला हात लावू देत नाही. ती बोट फिरवते, हुंगते, आणि म्हणते, not yet, Baba, it still smells of home. मग मी इथे भुसावळला, पंख्याखाली बसून, माझ्या साध्या वरणाला बघून हसते, कारण त्या दिवसांत मीही फोडणी देत नाही. तुमच्यासोबत.

बाळांनो, ऊब राहू दे तुमच्या घरात. खिडकी बसवून झाली की पहिली फोडणी जोरात द्या, आणि मला फोन करा, मी तिचा आवाज ऐकेन.