चार कारणं आणि ‘इतर’

ऐका मंडळी. आज गळा बसलाय, तीन दिवसांत हे पाचवं कीर्तन — तेव्हा पेटीवाले, जरा हळू घ्या. एकच गोष्ट विचारतो. दया करायला माणसाला खोटं बोलावं लागलं, तर पाप कुणाच्या माथी? सांगा! कोणीच नाही? बरं, मग ढोमणेभाऊंची कथा ऐका.

मनोहर ढोमणे, सूतगिरणीतले हजेरी बाबू. बत्तीस वर्षं कामगारांच्या पाळ्या लावल्या — पेन्सिलीनं! का? कुणाची बायको अडलेली, कुणाचा बाप दवाखान्यात, खोडायचं, बदलायचं. आणि खरं सांगतो, ओळखीच्यांसाठी पेन्सिल जरा जास्तच चालायची. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं! मग आला कॉम्प्युटर. ओळखबिळख संपली, सगळ्यांना सारखा न्याय. चांगलंच झालं की! रजा हवी? पडद्यावर कारण निवडा. कारणं चार — स्वतःचं आजारपण, लग्न, बाळंतपण, मृत्यू. आणि खाली ‘इतर’. ‘इतर’ दाबलं की अर्ज मुख्य कचेरीत, उत्तर तीन आठवड्यांनी.

एके दिवशी शालिक गावंडे नावाचा कामगार भाऊंच्या टेबलापाशी आला. “भाऊ, माही माय कोनालेच वळखत नाही आता. माह्याच हातानं जेवते. घरी मी अन् माय, दोघंच. बहीण येईपर्यंत धा दिवस सुटी द्या नं.”

भाऊंनी पडदा पाहिला. आजारी शालिक नाही. लग्न नाही, बाळंतपण नाही. ‘इतर’ — तीन आठवडे! तोवर म्हातारीनं उपाशी राहायचं? भाऊ थकले होते हो. निवृत्तीला आठ महिने उरलेले. त्यांनी ‘मृत्यू’ दाबलं. नातं — आई. तेरा दिवस जागच्या जागी मंजूर!

आता गंमत बघा. शालिक मायला वरणभात भरवतोय, तेवढ्यात मोबाइलवर गिरणीचा निरोप — ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ माय विचारते, “कोनाचा निरोप रे?” तो म्हणतो, “गिरणीचा. तू जेव.”

नवव्या दिवशी माय न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शालिकनं तिला गिरणीच्या दवाखान्यात नेलं. कामगाराच्या आईवडिलांवर तिथं कार्डावर उपचार होतात. नोंदणीवरच्या बाईंनी नंबर टाकला, आवाज खाली आणून म्हणाल्या, “यांचं कार्ड बंद आहे. या वारल्यात.” स्ट्रेचरवरून माय म्हणते, “कोन वारलं बाप्पा?” आणि रडायला लागली. कुणासाठी, ते तिचं तिलाही ठाऊक नाही.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन दोन दिवसांत व्हायला हवं.

शालिकचा फोन आला, तसे भाऊ गिरणीच्या अधिकारी मॅडमकडे धावले, सगळं कबूल केलं. मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, “दुरुस्ती दोनच तऱ्हेनं होते. ‘तांत्रिक चूक’ लिहिलं, तर तुमच्यावर काही येत नाही, पण कार्ड उघडायला तीन आठवडे. ‘खोटी नोंद’ लिहिलं, तर आत्ता उघडतं. मग तुमची नोकरी मला वाचवता येणार नाही.”

भाऊंनी विचारलं, “मॅडम, ही चारच कारणं ठरवली कोणी? त्याला माय नव्हती का?”

मॅडम म्हणाल्या, “तुम्हीच, ढोमणेभाऊ. कॉम्प्युटरवाले आले, तेव्हा मी त्यांना तुमच्याकडेच पाठवलं होतं. माणसं रजा कशासाठी मागतात, हे तुमच्याइतकं इथं कुणाला ठाऊक?”

आठवलं! पाळी सुटायची वेळ होती. भाऊंना घर गाठायचं होतं. त्यांनी चार कारणं सांगितली आणि म्हणाले, “बाकी काय, ‘इतर’ लिहा.”

भाऊंनी ‘खोटी नोंद’ दाबलं. खाली स्वतःचं नाव लिहिलं. म्हातारीचं ऑपरेशन झालं, आणि भाऊ इतक्या वर्षांची खुर्ची सोडून घरी गेले. वाईट वाटतं हो. दर वेळी सांगताना वाटतं.

मग पाप कुणाच्या माथी? मॅडमच्या? यंत्राच्या? अहो, यंत्राला आपण सांगू तेवढंच कळतं. उद्या तुमच्या शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत कोणीतरी येऊन विचारेल — तुमच्याकडे माणसं कशासाठी येतात? तुम्ही दमलेले असाल. मीही दमलोय. तरी बसा घटकाभर. एकेकाचं तोंड आठवा, आणि मग सांगा. आता हात जोडा, आणि नाव घ्या त्याचं, ज्याच्या दारी ‘इतर’ कुणीच नाही.