पाच अँपिअरचं सॉकेट

क्रांती चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, लेकीला कडेवर घेऊन, मी पाणी तापवायचा रॉड घ्यायला उभी होते. पुढे सारजाबाई तिच्या घरमालकाशी, तात्यासाहेबांशी, भांडत होती. काउंटरवर जळून काळं पडलेलं सॉकेट होतं.

"तुझ्या रॉडनंच जळालं."

"गयासभाई, तुम्ही दुकानदार हाव, हिशेब सांगा यांना."

"पंधराशे वॅटचा रॉड, दोनशे तीस व्होल्टनं भागा. साडेसहा अँपिअर होतात. सॉकेट पाचचं है."

"मग लावलाच कशाला?"

"पहिल्या दिवशी फ्यूज उडाला, तात्यासाहेब. तुम्हीच आलात, फ्यूज बांधला, म्हणालात, आता लाव बिनधास्त. काय घातलं त्यात?"

"तांब्याची तार. जाड, पुन्हा वितळून उडू नये अशी. तुझीच रोजची कटकट मिटावी म्हणून."

"फ्यूज उडला असता तर बोर्ड पेटला नसता. पोर न्हाणीत बसली व्हती माझी."

"तिला काही झालं नाय ना?"

"व्हायची वाट बघायची व्हती का?"

गयासभाईंनी माझ्यापुढे रॉड ठेवला.

"राहू द्या. फ्यूजची तार द्या. आमच्याकडेही तांब्याचीच आहे."

"कुणी घातली, ताई?"

"मीच."