दर ओळीआधी प्रिंट

कॉम्प्युटरच्या सरांना मी भरीत घासाघासानं का वाढलं, विचारता ना? ऐका. साठीला आल्यावर मी भुसावळला क्लास लावला होता. रविवारच्या भरीत पार्टीचं पाच ओळींचं आमंत्रण मला बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत स्वतः छापायचं होतं. प्रिंट लिहिलं, अवतरणचिन्ह उघडलं, एक ओळ लिहून एंटर दाबलं आणि पत्रासारखी दुसरी लिहायला घेतली. मशीननं चूक दाखवली.

सर म्हणाले, "अक्का, अवतरण त्याच ओळीत बंद करायचं. पुढच्या ओळीला नवा नंबर, पुन्हा प्रिंट. ओळ संपली की मशीन विसरतं."

"पोस्टकार्डावर दर ओळीआधी मी 'लिहिते' असं लिहिते का?"

"तुम्हाला नाही जमायचं. दुसऱ्यांना बसू द्या."

मी हलले नाही. पाच वेळा प्रिंट लिहिलं, प्रिंटरमधून छापलेला कागद फाडून घेऊनच उठले आणि पहिलं आमंत्रण सरांच्याच हातात दिलं.

रविवारी सर पंगतीला बसले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर मी घासभर भरीत ठेवलं आणि थांबले.

"अक्का, वाढा की."

अजून एक घास वाढला, पुन्हा थांबले.

"अहो, नीट वाढा ना."

"दर घासाआधी 'वाढा' म्हणायचं, सर. घास संपला की मी विसरते."